गळ्यातला क्रूस

दागिन्यांवरच्या आपल्या गप्पांमध्ये आतापर्यंत नथ झाली, जोडवी झाली, काळ्या मण्यांची पोत झाली. पोतीचा भाग ऐकून एका ताईंनी विचारलं, "ख्रिस्ती बायकांच्या गळ्यात क्रूस असतो. पण क्रूस म्हणजे तर माणसाला मारायचं लाकूड. ते सोन्यात घडवून गळ्यात का घालायचं?" प्रश्न सरळ आहे. आमच्या बचत गटांमधल्या ख्रिस्ती मैत्रिणींना आम्ही तो विचारला, तर त्याही म्हणाल्या, "घालतो, आई घालायची म्हणून." मग आम्ही पुस्तकं काढली, आणि त्यातून जे हाती लागलं ते आज सांगत आहोत.

पहिली गोष्ट ही, की येशूनंतरच्या पहिल्या दोन-तीनशे वर्षांतल्या ख्रिस्ती बाईला कुणी क्रूसाचा दागिना दिला असता तर ती दचकलीच असती. रोमी राज्यात क्रूसाची शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना होती. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये स्पार्टाकसने उभारलेलं गुलामांचं बंड मोडलं, तेव्हा कापुआ गावापासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने ६,००० माणसं क्रूसावर चढवली गेली. बाजारहाटाला जाणाऱ्या सगळ्यांना ती दिसावीत, हाच हेतू. आपल्याकडे फाशीचा दोर चांदीत घडवून कुणी गळ्यात घालेल का? त्यांनाही तसंच वाटायचं. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर भिंतीवर ओरखडलेलं एक जुनं चित्र सापडलं आहे. क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, त्याच्यापुढे हात वर केलेला एक जण, आणि खाली ग्रीक भाषेत खरडलंय की हा अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. ख्रिस्ती माणसाची शेजाऱ्यांनी केलेली ही चेष्टा. साधारण इसवी सन २०० च्या आसपासची मानतात. वर्गात कुणाच्या आडनावावरून फळ्यावर काहीतरी काढून ठेवावं, त्यातलाच प्रकार.

त्यात दागिन्यांबद्दल ख्रिस्ती शास्त्राचा सूरही कडकच होता. नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात बायकांना सांगितलंय की केसांच्या वेण्या, सोनं, मोती हे तुमचं भूषण नव्हे. (बाप्यांच्या अंगठ्यांबद्दल त्या ओळींमध्ये काही नाही, हे आमच्या गटात लगेच कुणीतरी बोललंच.) पण संसारी माणसांना काही ना काही लागतंच. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात दुसऱ्या शतकाच्या शेवटी क्लेमेंट नावाचा एक ख्रिस्ती गुरू होता. त्याने बायकांना सोन्याची एक अंगठी घालायला परवानगी दिली, आणि कारण काय दिलं ते ऐका. अंगठी नटण्यासाठी नाही, घरातल्या मौल्यवान वस्तूंवर मोहोर उठवण्यासाठी. घरातलं सामानसुमान सांभाळायचं काम बाईचं, म्हणून मोहोरेची अंगठी तिच्या बोटात. आपल्याकडे सासूच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, तशीच ही गोष्ट. त्या अंगठीवर काय कोरावं याची यादीही त्याने दिली: कबुतर, मासा, शिडाचं जहाज, वीणेसारखं वाद्य, जहाजाचा नांगर. तलवार नको, धनुष्य नको, दारूचे पेले नकोत. त्या यादीत क्रूस नाही.

मासा का, तर ग्रीक भाषेत माशाला जो शब्द आहे त्याच्या एकेका अक्षरावरून 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' असे शब्द तयार होतात. ज्याला माहीत त्याला कळे, बाकीच्यांना तो नुसता मासा. म्हणजे ख्रिस्ती माणसाची अंगावरची खूण सुरू झाली ती लोकांना दाखवण्यासाठी नव्हे. आपलं माणूस आपल्याला ओळखू यावं, एवढ्यापुरती.

चौथ्या शतकात दिवस पालटले. ३१३ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती लोकांना अभय दिलं, पुढे क्रूसाची शिक्षाही बंद झाली. ज्यांनी डोळ्यांनी क्रूसावरचा माणूस कधी पाहिलाच नाही अशी पिढी आली, आणि मग क्रूस हे पूजेचं चिन्ह झालं. यरुशलेममध्ये येशूच्या क्रूसाचं म्हणून एक लाकूड ठेवलं होतं. एगेरिया नावाची एक बाई दूर पश्चिमेकडून तिथे यात्रेला गेली होती. तिने लिहून ठेवलंय की शुभ शुक्रवारी लोक त्या लाकडाचं चुंबन घेताना सेवक दोन्ही बाजूंनी पहारा करतात, कारण एकदा कुणीतरी चुंबनाच्या निमित्ताने दातांनी तुकडा तोडून नेला होता! त्या लाकडाचे बारीक कपटे दूरदूर गेले, आणि लोक ते सोन्यात मढवून गळ्यात घालू लागले.

आता आम्हाला सगळ्यात आवडलेली बाई. तिचं नाव मॅक्रिना. आजच्या तुर्कस्तानात, काळ्या समुद्राच्या बाजूला तिचं घर होतं. घराणं मोठं, जमीनजुमला भरपूर. तिने आईला समजावून घराची रीतच बदलली: मालकीण आणि दासी एकाच पंगतीला, एकच जेवण, एकच बिछाना. स्वतःच्या हाताने भाकरी भाजायची. दुष्काळात दाराशी आलेल्यांना त्या घराने जेवू घातलं. ३७९ साली ती वारली तेव्हा तिचा भाऊ ग्रेगरी, जो स्वतः बिशप होता, तिथे होता. पुढे त्याने बहिणीचं चरित्र लिहिलं, म्हणून हे आपल्याला कळतं. अंत्यविधीसाठी बहिणीला चांगलं वस्त्र नेसवावं म्हणून त्याने विचारलं, कपडे कुठे ठेवलेत? तिच्या सोबतिणीने सांगितलं, ठेवलेले कपडे नाहीतच. हा अंगावरचा झगा, ही डोक्यावरची ओढणी, हे झिजलेले जोडे. झालं.

मग तिला आवरताना वेतियाना नावाच्या मैत्रिणीचा हात तिच्या मानेशी गेला आणि एक बारीक दोरा लागला. दोऱ्यात दोन वस्तू: एक लोखंडी क्रूस आणि एक लोखंडी अंगठी. कपड्याच्या आत, छातीशी. बाहेरून कधी दिसल्या नव्हत्या. ग्रेगरी म्हणाला, आपण वाटून घेऊ, क्रूस तू ठेव, अंगठी मी घेतो. तेव्हा वेतियानाने सांगितलं की अंगठी आतून पोकळ आहे आणि आत त्या पवित्र लाकडाचा कपटा आहे. सोनं परवडलं नसतं असं नव्हे, तिच्या घरात सोनं होतं. तिने लोखंड निवडलं आणि ते झाकून ठेवलं.

याच्या विसेक वर्षांनंतर जेरोम नावाच्या मोठ्या विद्वानाने बायबलवर टीका लिहिताना अशा बायकांची टिंगल केली आहे. चिमुकली शुभवर्तमानं आणि क्रूसाच्या लाकडाचे कपटे गळ्यात बांधून फिरणाऱ्या भोळ्या बाया, असा त्याचा सूर. म्हणजे एकाच काळात तीच वस्तू एकाला अंधश्रद्धा वाटली आणि दुसऱ्याने बहिणीची आठवण म्हणून जपली. आमचं मत विचाराल तर जेरोमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. ताईत म्हणून क्रूस बांधणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पोराला दृष्ट लागू नये म्हणून आपण काय काय बांधतो ते आठवा. पण ज्या मापाने बायकांना मोजलं त्याच मापाने राजांना मोजलं नाही, हेही खरं. कारण लवकरच क्रूस राजघराण्यांच्या सोन्यात गेला आणि त्याला भोळेपणा कुणी म्हटलं नाही.

त्या सोन्याच्या क्रूसांपैकी एक मात्र सांगायलाच हवा. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ ट्रंपिंग्टन इथे २०११ मध्ये खोदकामात एक कबर सापडली. सातव्या शतकातली, साडेतेराशे वर्षांपूर्वीची. आत साधारण सोळा वर्षांची मुलगी, लाकडी पलंगावर निजवलेली. तिच्या अंगावर सोन्याचा, लाल खड्यांचा क्रूस, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा. मागच्या बाजूला बारीक कड्या आहेत, म्हणजे तो कपड्यावर शिवलेला असणार. इंग्लंडमध्ये नवा धर्म तेव्हा नुकता रुजत होता. मुलीच्या हाडांचा अभ्यास झाला, त्यावरून कळलं की ती जन्मली दूर आल्प्स डोंगराच्या बाजूला, आजच्या दक्षिण जर्मनीत, आणि सातेक वर्षांची झाल्यानंतर कधीतरी इंग्लंडला आली. इथे आल्यावर तिचं खाणंही बदललं, पूर्वीसारखा सकस आहार राहिला नाही. लग्नासाठी पाठवली की मठासाठी, तज्ज्ञ दोन्ही शक्यता सांगतात. परक्या मुलखात आलेली पोर, आणि सोबत ही एवढीशी खूण. सासरी जाताना आईने ओटीत घातलेली वस्तू कशी जपतात हे ज्या मैत्रिणींना माहीत आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

पुढची हजार वर्षं आम्ही भराभर ओलांडतो. सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्ती धर्मात दोन तट पडले, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, आणि गळ्यातली खूण ही भांडणाची गोष्ट झाली. १५७१ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून रोमहून आलेले क्रूस, चित्रं, जपमाळा देशात आणायला आणि वाटायला बंदी घातली. एकेकाळी रोमी शिपायाला भिऊन लपवायचं, आता ख्रिस्ती राणीच्या शिपायाला. प्रोटेस्टंटांमध्येही साधेपणावर भर देणारे पंथ झाले. मेथडिस्ट पंथ काढणाऱ्या जॉन वेस्लीने १७४३ च्या नियमांत सोनं आणि उंची कपडे वर्ज्यच सांगितले. आजही कॅथलिकांच्या क्रूसावर बहुधा येशूची मूर्ती असते आणि प्रोटेस्टंटांचा क्रूस बहुधा मोकळा असतो, त्याचं मूळ या जुन्या वादात आहे. एक उलटं उदाहरणही आहे. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा मारियामातेची प्रतिमा असलेली छोटी पदकं गरीब वस्त्यांमधून वाटली गेली. कॅथरीन लाबुरे या तरुण जोगिणीला झालेल्या दर्शनावरून ती घडवली होती. धातू साधा, किंमत थोडी. वसई-मुंबईकडच्या कॅथलिक बायकांच्या साखळीत क्रूसाशेजारी दिसणारं लांबटगोल पदक ते हेच.

आता आपल्या देशात येऊ. केरळच्या सिरियन ख्रिस्ती समाजात लग्नात नवरा नवरीच्या गळ्यात 'मिन्नू' बांधतो. सोन्याचं इवलंसं पान, त्यावर बारीक मण्यांचा क्रूस. ते ओवायचं नवरीला दिलेल्या मंत्रकोडी साडीतून काढलेल्या सात धाग्यांत. शेजारच्या हिंदू बायकांच्या ताळीची ही सख्खी बहीण आहे, फरक त्या क्रूसाचा. आपल्याकडेही कितीतरी ख्रिस्ती बायकांच्या मंगळसूत्रात काळे मणी आहेत आणि मधे वाट्यांच्या जागी क्रूस. म्हणजे इथे तो एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो: मी येशूची, आणि मी लग्नाची. आमच्या एका मैत्रिणीने यावर विचारलं, "मग नवरा गेल्यावर क्रूस पण काढायचा का?" हसू नका, प्रश्न चांगला आहे. कारण इथेच आम्हाला पंडिता रमाबाई आठवल्या.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. संस्कृत पंडित वडिलांनी शिकवलेली मुलगी. १८८२ मध्ये पती वारले, पदरात लहानगी मनोरमा. विधवेच्या अंगावरचे दागिने कसे उतरवतात, केस कसे काढतात, हे त्यांनी पुढे १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात जगाला सांगितलं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावात ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहिल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मठातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. दोघींचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने छापला गेला आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. धर्ममातेचं प्रेम आहे, पण त्यात "मी सांगते ते ऐक" हेही आहे.

त्या पत्रांत एक वाद क्रूसाचा आहे. रमाबाईंनी घालावा असा जो क्रूस ठरला होता त्यावर लॅटिन भाषेतले शब्द होते. रमाबाईंनी हरकत घेतली. लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतपेक्षा अधिक काय आहे, असं त्यांनी सरळ विचारलं. क्रूस घालायचाच असेल आणि त्यावर शब्द हवेच असतील, तर ते संस्कृत असोत. संस्कृत ही देवांची भाषा म्हणून नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट केलं. माझ्या मायभूमीची जुनी आणि सुंदर भाषा म्हणून. लॅटिन मला येत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही.

जरा थांबून याचा विचार करा. पंचविशीतली विधवा, परका देश, राहणं-खाणं-शिकणं सगळं मठाच्या आधाराने. अशा वेळी बहुतेक जणी म्हणतील, दोन शब्दांनी काय होतंय, घालून टाकू. रमाबाईंना ते शब्द महत्त्वाचे वाटले, कारण ते त्यांच्या गळ्यात असणार होते आणि त्यांनाच वाचता येणार नव्हते. पुढे १८८५ मध्ये त्यांनी लिहिलं की भटभिक्षुकांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, ती आता दुसऱ्या तशाच जोखडात घालणार नाही. येशूवरची श्रद्धा त्यांनी सोडली नाही, मरेपर्यंत सोडली नाही. पण तिची खूण कोणती आणि कोणत्या भाषेत, हे ठरवायचा हक्क त्यांनी दुसऱ्याला दिला नाही. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदासदन काढलं, नंतर केडगावला मुक्ती सदन उभं केलं. तिथे आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्या बायबलचं भाषांतर करत होत्या, साध्या बाईला समजेल अशा मराठीत, आणि त्याची अक्षरं जुळवायचं, छापायचं काम आश्रमातल्या बायका-मुली करत होत्या. लॅटिन शब्दांवरची ती हरकत आणि हे मराठी बायबल, आम्हाला तरी एकाच धाग्यातले मणी वाटतात.

आजच्या काळातली एक गोष्ट सांगून थांबतो. नादिया एवैदा नावाच्या बाई लंडनच्या विमानतळावर ब्रिटिश एअरवेजच्या काउंटरवर काम करायच्या. त्या कॉप्टिक ख्रिस्ती, वाढल्या इजिप्तमध्ये. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती मनगटाच्या आतल्या बाजूला क्रूस गोंदवून घेतात, म्हणजे काढून ठेवायचा प्रश्नच नाही. एवैदाबाई वर्षानुवर्षं क्रूस गणवेशाच्या आत घालत होत्या. २००६ मध्ये त्यांनी तो बाहेर काढला. कंपनीचा नियम होता की तो झाकलेला हवा. त्या ऐकेनात, तेव्हा त्यांना बिनपगारी घरी पाठवलं. फगडी-हिजाब चालत होते, कारण ते झाकता येत नाहीत असं कंपनीचं म्हणणं. फेब्रुवारी २००७ मध्ये कंपनीने नियम बदलला आणि त्या क्रूस घालून पुन्हा काउंटरवर उभ्या राहिल्या. पण बुडालेल्या पगारासाठी त्या लढत राहिल्या, आणि १५ जानेवारी २०१३ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरपाई २,००० युरो.

त्याच दिवशी त्याच न्यायालयात एक परिचारिका हरली. तिच्या गळ्यातही क्रूस होता, तोही तरुणपणापासूनचा. पण ती रुग्णांची उठबस करायची. एखाद्या म्हाताऱ्या रुग्णाने साखळी ओढली तर दोघांनाही इजा होईल, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं, आणि न्यायालयाने ते मानलं. आमच्या गटात दवाखान्यात काम करणाऱ्या दोघी आहेत. त्यांना हा निकाल पटला. आमच्यातल्या बाकीच्यांना तो अजून पटलेला नाही. कामावर जाताना आपणही मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सरकवतो, यंत्रावर बसायचं तर काढून पर्समध्ये ठेवतो, आणि कुणीतरी बघितलं की "गळा मोकळा का?" म्हणून विचारतंच.

दुकानातल्या क्रूसाचं काय, हेही काही जणींनी विचारलं होतं. १९८० च्या दशकात मॅडोना या गायिकेमुळे क्रूस फॅशनमध्ये आला तो आलाच. राजकन्या डायना यांनी १९८७ मध्ये एका समारंभात घातलेला जांभळ्या खड्यांचा मोठा क्रूस जानेवारी २०२३ मध्ये लिलावात १,६३,८०० पौंडांना गेला. दुसऱ्या बाजूला पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१८ मध्ये सांगितलं की क्रूस ही शोभेची वस्तू नाही. ते स्वतः पोप झाल्यावरही सोन्याचा क्रूस न घालता आपला जुना साधा क्रूसच घालत राहिले. आमच्या दागिने ओवणाऱ्या गटाला मध्यंतरी क्रूसाच्या पदकांची ऑर्डर आली, तेव्हा आम्ही आधी आमच्यातल्या ख्रिस्ती मैत्रिणींना विचारलं. त्या म्हणाल्या, क्रूस खुशाल ओवा. फक्त रोझरी, म्हणजे जपमाळ, हार म्हणून विकू नका, ती गळ्यात मिरवायची नसते, हातात धरून जपायची असते. मग आम्ही जपमाळा वेगळ्या डबीत घालून द्यायला लागलो. तुमच्या गळ्यात कसला क्रूस आहे, कुणी दिला, आत घालता की बाहेर, ते आम्हाला केंद्रावर येऊन सांगा किंवा चिठ्ठी पाठवा. पुढच्या भागात ताईत. नमस्कार.